एकावन्न ब्लाउजांची लग्नसराई

लग्नसराई जवळ आली की लोकांच्या घरी पत्रिका येतात. माझ्याकडे पत्रिकेच्या आधी मोबाईलवर एक निरोप येतो. "ग्राहक तुमच्या वस्तूची वाट पाहत आहेत. शिल्लक : शून्य. वाढवायची का?" चार वर्षं झाली, फाल्गुन सरता सरता हा निरोप ठरल्यासारखा येतोच. मी तो वाचते, बोटानं बाजूला सारते आणि निवडायचे गहू पुढ्यात ओढते. तो पाठवणारं यंत्र आहे म्हणून पाठवतं. माणूस असता तर एव्हाना त्यानंही माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

या दिवसांत आमच्या टेंभुर्णीच्या शिवारात बघण्यासारखं काही नसतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, हरभरा निघून गेलेला असतो, आणि उघड्या काळ्या रानावरून गरम वारा सरळ गावात शिरतो. गावात मात्र सगळीकडे कडुलिंबाचा मोहोर सांडलेला असतो. त्या कडवट-गोड वासाचं लोक फार कौतुक करतात. मला तो वास आला की रंगीत मोती आठवतात, लाकडी फ्रेमवर ताणलेलं रेशीम आठवतं, आणि फ्रेमवर वाकलेली मंदाची मान आठवते. मग मी खिडकी लावून घेते.

मंदा माझी धाकटी जाऊ. एकाच अंगणात दोन घरं, मधे एक दार. तिच्या हातात आरीचं काम होतं. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. कापड फ्रेमवर ताणायचं, खालून धागा धरायचा आणि वरून आकड्यानं तो ओढून घेत टाक्याटाक्याला मोती बसवायचा. जालन्याला माहेरी असताना शेजारच्या रजियाखालाकडून ती हे शिकली होती. सासरी येताना तिनं रुखवतात भांडी आणली त्यात एक मिसळणाचा डबा होता. त्या डब्यात आजवर कधी हळद-तिखट पडलं नाही. सात वाट्यांत सात रंगांचे मोती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी अंधारात चमचाभर मोती फोडणीत घातले होते, आणि मंदा हसून हसून खाली बसली होती. तशी हसणारी बाई होती ती. हे सांगून ठेवते, कारण आता बघणाऱ्याला पटणार नाही.

तिच्या हातचा ब्लाउज एकदा घातला की नवरीच्या अंगावर साडी कितीची आहे हे कोणी विचारत नसे. जाफराबादहून, पार मंठ्याहून बाया जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायच्या. तेव्हा मीच म्हटलं, आपण हे नीट करू. तू हात चालव, मी मोबाईल चालवते. मोबाईलवर दुकान उघडता येतं, एक पैसा लागत नाही, हे मी भाच्याकडून शिकून आले होते. नवं शिकलेलं माणूस फार धोक्याचं असतं.

कल्पना माझीच. अजूनही ती मला वाईट वाटत नाही, हे माझं दुखणं आहे. आपल्याकडे आहेराचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आहेराची साडी नेसायला नसते, फिरवायला असते. आलेली साडी पेटीत जाते. घडीत एक चिठ्ठी टाचलेली असते, कोणाकडून आली त्याची, म्हणजे फिरून त्याच घरी जाऊ नये. मी एका लग्नात दिलेली जांभळी साडी तीन वर्षांनी माझ्याच ओटीत पडली होती. घडी मोडलेली नव्हती. फक्त वरचा कागद बदलला होता, आणि आत कोण्या विसरभोळ्या बाईची चिठ्ठी तशीच राहिली होती, तिच्यावर माझंच नाव. तर म्हटलं, हे कापडाचे फेरे कशाला? आहेरात गिफ्ट व्हाउचर द्या. "एक आरीकाम ब्लाउज, मंदाच्या हातचा." मोबाईलवर विकत घ्यायचं, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घ्यायचं, पाकिटात घालायचं. खाली व्हाउचरचा नंबर आणि मुदत. मुदत मीच घातली, ज्येष्ठ संपेपर्यंत. सराई संपली की हिशेब मोकळा, असा माझा विचार.

दुकानात वस्तू टाकताना एक रकाना येतो : शिल्लक किती? तिथं जेवढा आकडा लिहाल तेवढेच विकले जातात, मग वस्तू आपोआप बंद. मी मंदाला विचारलं.

आरी न थांबवता ती म्हणाली, "चाळीस. त्याच्या वर येक न्हाई. तीन दिस लागतेत येका ब्लाउजला. अन् वैशाखात आपल्या पल्लवीचं हाय. शेवटचे आठ-दहा दिस मला तिच्या ब्लाउजला पायजेत."

पल्लवी तिची एकुलती एक लेक. मंठ्याला दिली, लग्नाची तिथी धरलेली होती. तिच्या ब्लाउजचं कापड मंदानं दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेलं, मोरपंखी रेशीम. पाठीवर काय काढायचं तेही ठरलं होतं : मोसंबीची फांदी. पल्लवीच्या आजोळी मोसंबीची बाग होती आणि ती लहानपणी पांढऱ्या फुलांखाली खेळायची. मोर नाही, कमळ नाही, पालखी नाही, मोसंबीची फांदी. अशी फांदी काढलेला ब्लाउज मी तरी कुठे पाहिला नाही.

"चाळीस कसं दिसतं गं?" मी म्हटलं. "आहेर हाय तो. शून्यावर कोणी आहेर करतं का?"

"मंग एकेचाळीस करा, अन् तो वरचा येक पल्लवीचा म्हणा," मंदा म्हणाली आणि हसली.

मी एकेचाळीस लिहिलं. लिहून पाहिलं. पाकिटावर एकावन्न असतं, एकशे एक असतं, एकेचाळीस कधी कोणी पाहिलंय? ते ना धड घरचं दिसत होतं ना धड दारचं. मी चाराचा पाच केला. एकच आकडा बदलला. बोट उचलून परत टेकवायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. मंदाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, असं तेव्हा वाटलं. त्या एकावन्नात पल्लवीचा एक कुठे गेला, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, मनात गणितही होतं. आहेर वापरत कोण? एकावन्नांतले वीस तरी पेट्यांमध्ये पडतील. पेट्यांच्या भरवशावर मी एका बाईचे हात विकले.

अकरा दिवसांत सगळे गेले. त्या अकरा दिवसांत मी काय मिरवले! मोबाईल टिंग वाजला की आकडा एकानं उतरायचा आणि मी एकानं चढायचे. गल्लीत बाया विचारायच्या, आमच्यासाठी एखादं ठेवा की. मी म्हणायचे, "बाई, माझ्या हातात काय हाय? ते आपोआप बंद होतंय." शेवटी पानावर लाल अक्षरं आली, शिल्लक शून्य. पुढे पाडवा उलटल्यावर खाली एक नवं बटणही आलं, "आलं की मला कळवा." ज्यांना मिळालं नाही त्यांनी तिथं नाव टाकायचं. ती यादी मी कधी उघडली नाही. संपलेल्या वस्तूची वाट बघणाऱ्यांत मला काय रस असणार?

पहिल्या महिन्यात सात-आठच आल्या. मी मनातल्या मनात माझ्या अकलेची पाठ थोपटली. मंदा दुपारच्या उन्हात दार लोटून बसायची, पत्र्यावर पंख्याची घरघर, आणि खालून धाग्याचा सर्र सर्र आवाज. तिचा सगळ्यात आवडता ब्लाउज त्याच दिवसांतला. गावच्या शाळेतल्या मॅडमच्या मुलीचा. त्यांच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते. मुलीला पांढऱ्यावर पांढरंच काम हवं होतं. मंदानं तीनाऐवजी पाच दिवस लावले. "ताई, उजेडात आडवं धरून बघा," ती म्हणाली. आडवं धरलं तेव्हा पिंपळाची पानं दिसली, सरळ धरलं की नुसतं पांढरं. मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. मी म्हटलं, "पाच दिवस लावलेस, पुढच्यांचं कसं व्हायचं?" बाकीचं कोणी काय बोललं ते मला आठवत नाही, माझं हे वाक्य मात्र आठवतं.

पाडवा झाला आणि त्या येऊ लागल्या. एकेकीच्या हातात व्हाउचर असं काही आलं होतं, की पाहून मला घाम फुटे. जालन्याच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं घेतलेलं व्हाउचर तिनं भाचीच्या साखरपुड्यात दिलं, भाचीनं नणंदेला, नणंदेनं मैत्रिणीच्या हळदीत. ती मैत्रीण आमच्या दारात उभी, कापड घेऊन. माझ्या हिशेबात चूक नव्हती, आहेर फिरला होता. मला एवढंच कळलं नव्हतं की साडी फिरते ती नको असलेल्या हातांतून फिरते. व्हाउचर फिरत फिरत बरोबर तिच्याच हातात जाऊन थांबत होतं, जिला ब्लाउज हवा होता. आणि वर माझीच मुदत.

एके दुपारी अंबडच्या दोघी बहिणी दोन व्हाउचरं घेऊन आल्या. मंदानं ती हातात घेतली, आणि पहिल्यांदाच तिची आरी थांबलेली मी पाहिली.

"ताई, हे सत्तेचाळीस कुठून आलं?"

बहिणी पाणी पिऊन गेल्यावर मी तिला सांगितलं. पाकिटाचं, शकुनाचं, पेट्यांचं. म्हटलं, "अगं, सगळ्या थोड्याच येतेत?"

"साडी पेटीत ठेवतेत, ताई. मुदत लिहिलेला कागद कोण ठेवतंय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ज्यांचे व्हायचे न्हाईत त्याह्यचे पैसे परत करून टाका. बिलकुल लाजू नका."

"नाव जाईल," मी म्हटलं.

कोणाचं नाव? व्हाउचरवर तर तिचं होतं. पण मला वाटत होतं दुकान माझं, पान माझं, त्यावर गिऱ्हाइकांनी दिलेले तारे माझे. पैसे परत केले की लोक एकेक तारा काढून घेतील, ही भीती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मी त्या उन्हाळ्यात अंगावर वागवलं. परत करायचं ठरवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. दहा बायांची दहा मिनिटं बोलणी खाल्ली असती. मी खाल्ली नाहीत. मंदा सकाळी दिवस उगवायला बसू लागली. आधी मान धरली, मग उजव्या हाताचा अंगठा, मग दोन बोटांना मुंग्या. ती मधेच हात झटकायची, पाण्यात बुडवायची आणि परत बसायची. "बाई, थोडं थांब," असं मी म्हणायचे. मग दारात जीप थांबली की मीच आत येऊन सांगायचे, कोण आलंय ते.

त्याच दिवसांत, अंबडच्या बहिणींचे ब्लाउज फ्रेमवर असताना, एकदा पल्लवी चहा घेऊन आली. आईच्या फ्रेमशी उभी राहून तिनं सहज विचारलं, "आई, माझा कधी लावती?"

मंदानं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावरचा घाम पुसत म्हटलं, "तुझं काय गं, घरचं हाय. शेवटी होईल. व्हाउचरवाल्यांचा नंबर आधी. तुझ्याकडं कुठं व्हाउचर हाय?"

गमतीनं म्हटलं होतं. खरंच गमतीनं. पल्लवी हसली, कप उचलले आणि गेली.

एकावन्नांतले दोन आले नाहीत. त्या दोघी कोण, त्यांच्या पाकिटांचं काय झालं, देव जाणे. एकोणपन्नास आले, आणि पल्लवीच्या लग्नाआधी ज्यांच्या लग्नतिथ्या होत्या त्या सगळ्यांचे झाले. हळदीच्या चार दिवस आधी मंदानं मोरपंखी रेशीम फ्रेमवर ताणलं. पेन्सिलीनं फांदी काढली. एक पान भरलं. दुसऱ्या पानाच्या निम्म्यात तिच्या हातातून आरी खाली पडली. तिनं उचलली. परत पडली. मग तिनं फ्रेमचे खिळे काढले, कापडाची घडी घातली आणि मला म्हणाली, "ताई, जालन्याला जाऊन एखादा रेडीमेड आणता का? मोरपंखीच बघा." रागावली असती तर मला उभं राहायला जागा तरी राहिली असती.

मी आणला. मशीनचं भरतकाम, कमळं, एका बाहीला सुटलेला दोरा. तो दोरा मी हळदीच्या दिवशी कात्रीनं कापला. लग्नात अक्षता पडल्यावर बाया नवरीभोवती जमल्या, पाठ वळवून वळवून बघू लागल्या. त्यातल्या निम्म्या आमच्याकडूनच ब्लाउज नेलेल्या, अंगात तेच घालून आलेल्या. कोणीतरी म्हणालं, "आईच्या हातचा असंल! लेकीचा म्हणल्यावर काय!"

"हो," पल्लवी म्हणाली. "आईनंच केला."

मंदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती व्याह्यांना पाणी द्यायला गेली. मी मांडवात तशीच उभी राहिले, हातात आहेराची पाकिटं धरून.

डॉक्टरनं नस दबली म्हणून सांगितलं. आराम करा, बारीक काम बंद. आराम पडला, हात आला नाही. उरलेल्यांचे पैसे शेवटी परत करावेच लागले. आता ती तिच्या बाजूच्या खोलीत पिको-फॉल करते. मशीनला दोन्ही तळव्यांनी साडी सरकवता येते, तेवढं जमतं. कात्री दाबता येत नाही. मोत्यांचा डबा तिनं धुऊन स्वयंपाकघरात घेतला. आता त्यात हळद, तिखट, जिरे, मोहरी. फ्रेम माझ्या दाराआड उभी आहे. आमचं भांडण झालेलं नाही. सणाला ताट येतं, जातं. मधलं दार उघडंच असतं. ती मला अजून ताई म्हणते, फक्त पूर्वी "ताई, ऐका ना" म्हणायची, ते ऐका-ना आता येत नाही.

पल्लवीला मुलगी झाली. मंठ्याहून येते, चार दिवस राहते, माझ्या पाया पडते. मी तिला काहीतरी द्यायला जाते आणि ती "असू द्या, मोठी आई" म्हणते. मीही मग असू देते.

यंदा निरोप आला तेव्हा गहू संपले होते. हाताला काम नव्हतं म्हणून असेल, मी तो बाजूला सारला नाही, उघडला. चार वर्षांत पहिल्यांदा ती वाट बघणाऱ्यांची यादी पाहिली. नव्वदच्या वर नावं. भोकरदन, चिखली, देऊळगाव, कुठून कुठून. कोणाचं लग्न होऊन पोरं झाली असतील. मी सरकवत सरकवत तळाशी गेले, पहिलं नाव कोणाचं ते बघायला.

पहिलं नाव पल्लवीचं होतं. खाली दिवस आणि वेळ. दुपार. चहाची वेळ. तोच दिवस, अंबडच्या बहिणींचे ब्लाउज फ्रेमवर होते, तो.

मला वाटलं, पोरीनं माझं बोलणं खरं मानलं. कप धुवायला ठेवले आणि आईच्या हातचं एक व्हाउचर विकत घ्यायला गेली. शिल्लक शून्य दिसल्यावर बटण दाबलं. घरात, माझ्यापासून दहा पावलांवर. मी तेव्हा पुढच्या खोलीत मोबाईल हातात घेऊनच बसले असेन.

त्या रकान्यात आता एक लिहिला असता तर यंत्रानं पहिल्या नावाला आपोआप निरोप धाडला असता : तुमची वस्तू आली आहे. माझं बोट खरंच गेलं तिकडे. मग मी मोबाईल पालथा ठेवला, एक साडी उचलली, फॉल लावायचं निमित्त, आणि मधल्या दारानं मंदाकडे गेले. ती मशीनवर होती. मी कधी नव्हे ते सरळ बोलले. म्हटलं, "मंदा, पल्लवीनं त्या पानावर नाव टाकलं होतं गं. त्या वर्षी. मला आज दिसलं."

मशीन चालूच होती. साडी हातातून सरकत होती.

"पल्लवीनं न्हाई," ती म्हणाली. "मीच टाकलं होतं तिचं नाव. तिच्याच मोबाईलवरून. तोंडानं सांगितलेलं तर तुम्हाला आयकू येत नव्हतं. म्हणलं, मोबाईलातलं तरी दिसंल."

काठ संपला तशी तिनं मशीन थांबवली. धागा दातानं तोडला, माझ्या हातातली साडी घेतली आणि विचारलं, "फॉल कोणत्या रंगाचा लावू, ताई?"